बी.एस्सी.नंतर कृषी विषयात एम.एस्सी. : कोणती वाट कुठे पोहोचते?

भारतातील विद्यापीठांचे निकाल लागू लागले की परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दरवर्षी एक ठरावीक प्रश्न विचारला जातो. सांगलीची भाची किंवा अमरावतीचा पुतण्या वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला असतो. घरी थोडी शेती असते. मुलाला प्रयोगशाळेपेक्षा शिवाराची ओढ अधिक असते. मग निरोप येतो : "मामा, आता एम.एस्सी. अ‍ॅग्री करावी म्हणते. तिकडे काही जमेल का, की इथेच प्रवेश घेऊ?" काही वाचकांच्या बाबतीत तर हा प्रश्न स्वतःचाच असतो. वीस वर्षे औषधनिर्मिती किंवा माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काढल्यावर गावाकडची जमीन आठवते आणि शेतीचे रीतसर शिक्षण घ्यावे असे वाटू लागते.

या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देण्याची चूक बहुतेक जण करतात. भारतात सर्वसाधारण बी.एस्सी.नंतर कृषी विद्यापीठातील एम.एस्सी.च्या बहुतांश शाखा बंद असतात, काही मोजक्या उघड्या असतात. परदेशात त्याच पदवीवर अनेक वाटा खुल्या होतात. मात्र प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आणि त्या पदवीवर पुढे इच्छित काम मिळणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर न ओळखल्यामुळे दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्चून पदवी हाती आल्यानंतर, आपण ज्या पदासाठी शिकलो त्या पदाला आपण पात्रच नाही, असे विद्यार्थ्याला कळते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

दोन विद्याशाखा वेगळ्या कशा झाल्या

भारतात शेतीचे उच्च शिक्षण प्रारंभी विज्ञानाच्याच छत्राखाली होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतीचे वर्ग भरत असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यात आणि नागपुरात स्वतंत्र कृषी महाविद्यालये उभी राहिली. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे शेती संशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर ती १९३६ मध्ये दिल्लीला हलविण्यात आली. आजची भारतीय कृषी संशोधन संस्था ती हीच.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने 'लँड ग्रँट' महाविद्यालयांची परंपरा सुरू केली होती. अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोहोचविणारा विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हा त्या परंपरेत हळूहळू दृढ झालेला विचार होता. त्याच धर्तीवर, इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने, १९६० मध्ये पंतनगर येथे भारताचे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) अशी चार कृषी विद्यापीठे स्थापन झाली. या बदलाबरोबर शेतीचे शिक्षण पारंपरिक विद्यापीठांतून बाहेर पडले. पुणे, मुंबई, नागपूर येथील विद्यापीठांत विज्ञान राहिले आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे शेती गेली.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. भारताने नमुना अमेरिकेचा घेतला, परंतु अमेरिकेत ती महाविद्यालये पुढे सर्वच विषय शिकविणारी मोठी विद्यापीठे झाली. कॉर्नेल, पर्ड्यू किंवा आयोवा स्टेट येथे रसायनशास्त्राचा विद्यार्थी आवारातला एक रस्ता ओलांडून मृदाशास्त्र विभागात जाऊ शकतो. भारतात मात्र कृषी विद्यापीठ ही वेगळी व्यवस्था राहिली, तिचे नियम वेगळे राहिले आणि दोन विद्यापीठांमधील रस्ता अरुंद झाला. आज बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला भारतात अडणारे दार परदेशात सहज उघडते, त्याचे मूळ कारण हे आहे.

दुसरे कारण घटनात्मक आहे. कृषी आणि कृषी शिक्षण हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत येतो. त्यामुळे कृषी विद्यापीठे राज्यांच्या कायद्याने चालतात. १९२९ मध्ये स्थापन झालेली भारतीय कृषी संशोधन परिषद अभ्यासक्रमाचा आराखडा ठरविते, निधी देते, अधिस्वीकृती देते. परंतु वैद्यकीय शिक्षणाच्या नियामक मंडळाला कायद्याने जसे अधिकार आहेत, तसे ते या परिषदेकडे नाहीत. परिणामी एखाद्या राज्यातील खासगी विद्यापीठ साध्या बी.एस्सी.वर 'एम.एस्सी. कृषी'ला प्रवेश देते, तर शेजारच्या राज्यातील कृषी विद्यापीठ ती पदवी समकक्ष मानीत नाही, असे घडू शकते.

चार वर्षांची अट कशासाठी?

कृषी विद्यापीठांत एम.एस्सी.साठी बहुधा बारावीनंतरची चार वर्षांची बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या, वनशास्त्र यांसारखी संलग्न पदवी मागितली जाते. विज्ञानाच्या पदवीधराला हा अन्याय वाटतो. वनस्पतिशास्त्र तीन वर्षे शिकलेल्याला पिकांचे रोग समजणार नाहीत काय, असा त्याचा प्रश्न असतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पश्चिम महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनीत उसाची, विशेषतः खोडव्याची, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतात, उसावर केवडा आला. रसायनशास्त्राचा पदवीधर लोहाच्या दोन अवस्था जाणतो. जमिनीचा सामू वाढला की लोह अविद्राव्य होते, हेही तो सांगू शकतो. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर हरितद्रव्य तयार होण्यात लोहाची भूमिका काय, ते सांगेल. परंतु त्या शेतकऱ्यासमोर उभे राहिल्यावर आणखी प्रश्न येतात. हा केवडा लोहाच्या कमतरतेचा की नत्राच्या? पाणी जास्त दिल्याने तर नव्हे? जमिनीतून हिराकस द्यावे तर ते चुनखडीत बांधले जाईल, मग शेणखतात मुरवून द्यावे की पानांवर फवारावे? फवारणीचा खर्च उसाच्या भावाच्या मानाने परवडेल का? वाफसा नसताना मजूर शेतात उतरू शकतील का? येथे मृदाशास्त्र, सस्यशास्त्र, कृषी अर्थशास्त्र आणि विस्तारशिक्षण एकत्र येतात. चार वर्षांची पदवी हे एकत्र पाहणे शिकविते.

या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी प्रत्यक्ष गावांत जाऊन काम करतात. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' यांच्या बातम्या येतात, त्या या ग्रामीण कार्यानुभव कार्यक्रमाच्याच असतात. बी.एस्सी. कृषीला व्यावसायिक पदवीचा दर्जा देण्यामागेही हीच भूमिका आहे. एम.बी.बी.एस. न करता शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेता येत नाही, त्याच धर्तीचा हा युक्तिवाद आहे.

युक्तिवादाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आजचे कृषी संशोधन जनुकीय क्रमवारी, संगणकीय प्रारूपे, उपग्रहचित्रे आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांवर उभे आहे. या विषयांत मूलभूत विज्ञानाच्या पदवीधराची तयारी अनेकदा अधिक पक्की असते. म्हणूनच जेथे काम शेतापेक्षा प्रयोगशाळेत किंवा संगणकावर अधिक चालते, तेथे दार थोडे उघडे ठेवलेले आढळते.

भारतात खुल्या असलेल्या वाटा

पहिली वाट संख्याशास्त्राची आहे. दिल्लीची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था कृषी सांख्यिकी, संगणक उपयोजन आणि जैवमाहितीशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पदव्युत्तर विद्यालयामार्फत देते. या प्रकारच्या विषयांत गणित किंवा संख्याशास्त्राच्या पदवीधरांना परंपरेने वाव राहिला आहे. या वाटेचे मूळ एका मराठी माणसापर्यंत जाते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत कृषी सांख्यिकीचा पाया घातला. पुढे दोन दशके ते रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याजवळ शेतीची पदवी नव्हती. तरी पिकाच्या उत्पादनाचा अंदाज शास्त्रशुद्ध नमुना पाहणीने कसा बांधावा, हे भारताने त्यांच्याकडून शिकून घेतले.

दुसरी वाट जैवतंत्रज्ञानाची आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमांसाठी 'गॅट-बी' ही सामाईक परीक्षा घेतली जाते. सहभागी संस्थांत काही कृषी विद्यापीठेही आहेत. परीक्षा एक असली तरी पात्रतेच्या अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या असतात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी त्या-त्या संस्थेची अट वाचणे अपरिहार्य आहे.

तिसरी वाट वळणाची असली तरी अनेकांना लाभलेली आहे. पारंपरिक विद्यापीठातच वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करावी आणि संशोधनाचा विषय मात्र शेतीचा निवडावा. पुण्याची आघारकर संशोधन संस्था याचे उत्तम उदाहरण होय. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेली ही संस्था कृषी विद्यापीठ नाही. तरी तिने विकसित केलेले गहू आणि सोयाबीनचे 'एमएसीएस' वाण शेतकऱ्यांच्या शेतांत उभे आहेत आणि द्राक्षाच्या वाणांवरही तिने काम केले आहे. ज्याला संशोधनच करावयाचे आहे, त्याने पदवीवरील 'कृषी' या शब्दापेक्षा मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा कोणती, याकडे अधिक लक्ष द्यावे.

चौथी वाट सर्वांत लांबची आणि सर्वांत निर्धोक आहे. ती म्हणजे पुन्हा प्रथम वर्षापासून बी.एस्सी. कृषी करणे. चार वर्षे आणखी, म्हणून घरचे लोक नाराज होतात. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी नेमके हेच केले होते, हे अशा वेळी सांगावे. त्रिवेंद्रमला प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्यांनी कोइमतूरच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेऊन शेतीची दुसरी पदवी मिळविली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने त्यांची दिशा बदलली होती. त्यानंतर ते दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गेले, नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे शिकले आणि १९५२ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. हरितक्रांतीचे अध्वर्यू म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांना आधी मिळालेली विज्ञानाची पदवी पुरेशी वाटली नव्हती.

पदव्युत्तर पदवी मिळाली, तरी पहिली पदवी पुसली जात नाही

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. अनेक पालकांची समजूत असते की वरची पदवी मिळाली की खालची कोणी विचारीत नाही. शेतीच्या क्षेत्रात ही समजूत धोक्याची आहे.

बँकांतील कृषी क्षेत्र अधिकाऱ्याचे पद पाहू. सार्वजनिक बँकांच्या सामाईक भरतीत या पदासाठी कृषी किंवा यादीत दिलेल्या संलग्न विषयातील चार वर्षांची पदवी मागितली जाते. येथे अट पदवीची आहे, पदव्युत्तर पदवीची नव्हे. वनस्पतिशास्त्रात तीन वर्षांची बी.एस्सी. आणि त्यावर एम.एस्सी. कृषी असलेला उमेदवार या अटीत बसत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेसाठीही कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी अशा विषयांतील पदवी हाच पात्रतेचा पाया आहे. तालुका पातळीवर कृषी अधिकारी होण्याचे स्वप्न असेल, तर साध्या बी.एस्सी.वरची एम.एस्सी. तेथे नेऊन पोहोचविणार नाही.

उलट काही ठिकाणी विज्ञानाची पदवी चालते. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी केंद्राच्या नियमांत कृषी पदवीबरोबरच जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्रे, तसेच रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांसह घेतलेली विज्ञानाची पदवी मान्य आहे. म्हणजे कृषी सेवा केंद्र काढण्यासाठी एम.एस्सी.ची गरजच नाही. केंद्र सरकारची २००२ पासूनची 'अ‍ॅग्री-क्लिनिक आणि अ‍ॅग्री-बिझनेस सेंटर' योजना आणखी एक अपवाद करते. तिच्यात जीवशास्त्राचा पदवीधर कृषी किंवा संलग्न विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असेल, तर त्याला प्रशिक्षणासाठी आणि अनुदानाशी जोडलेल्या कर्जासाठी पात्र धरले जाते. खासगी बियाणे, जैविक खते आणि सूक्ष्मसिंचन कंपन्या प्रत्यक्ष कौशल्य पाहतात. गुणनियंत्रण प्रयोगशाळेसाठी त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर अधिक उपयुक्त वाटू शकतो.

यावरून निष्कर्ष असा निघतो की आधी शेवट ठरवावा आणि मग पदवी निवडावी. शासकीय कृषी सेवा किंवा बँक हवी असेल तर बी.एस्सी. कृषीला पर्याय नाही. संशोधन हवे असेल तर विषय आणि मार्गदर्शक महत्त्वाचे. कृषी विद्यापीठात प्राध्यापकी हवी असेल, तर त्या विषयाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी कोणती पदव्युत्तर पदवी मान्य आहे, हे प्रवेशापूर्वीच कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या अधिसूचनेत वाचावे. स्वतःची शेती करावयाची असेल, तर कदाचित या सर्वांपेक्षा दोन हंगाम शेतावर राहणे अधिक शिकवून जाईल.

एक सावधगिरीचा इशारा येथेच देणे योग्य ठरेल. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल' अशी एम.एस्सी. कृषीची जाहिरात दिसली, तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : विद्यापीठाला हा अभ्यासक्रम चालविण्याचा कायदेशीर अधिकार आहे काय, अभ्यासक्रमाला कृषी संशोधन परिषदेच्या अधिस्वीकृती मंडळाची मान्यता आहे काय, आणि संस्थेजवळ स्वतःचे प्रक्षेत्र किती आहे. तिसरा प्रश्न गौण वाटतो, पण तो निर्णायक आहे. परिषदेच्या आराखड्यानुसार एम.एस्सी.च्या एकूण ७० श्रेयांकांपैकी ३० श्रेयांक प्रबंधाचे असतात आणि सस्यशास्त्राचा प्रबंध खरीप-रब्बीच्या प्रत्यक्ष पिकावर उभा राहतो. शेतजमीन नसलेल्या इमारतीत तो कसा होणार?

परदेशातील दारे

परदेशी विद्यापीठे प्रवेश देताना पदवीच्या नावापेक्षा उमेदवाराने शिकलेले विषय पाहतात. अमेरिकेत मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या यांच्या एम.एस.ला जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्राचा पदवीधर अर्ज करू शकतो. उणे असलेले दोन-तीन पदवीस्तरीय विषय प्रवेशानंतर पूर्ण करण्याची अट घातली जाते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी नॉर्मन बोरलॉग यांची पहिली पदवीही वनशास्त्राची होती. मिनेसोटा विद्यापीठात ते वनस्पती रोगशास्त्राकडे वळले. आपल्याकडचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले, ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि पुढे मेक्सिकोतील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले. मक्याच्या संशोधनात त्यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते.

अमेरिकेच्या बाबतीत दोन व्यावहारिक बाबी आहेत. पहिली म्हणजे भारतातील तीन वर्षांची पदवी अनेक विद्यापीठे तेथील चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष मानीत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेतल्यास ही अडचण बरीच कमी होते. मात्र भारतातील कृषी विद्यापीठांची अडचण त्याने सुटत नाही, कारण तेथे प्रश्न वर्षांचा नसून विषयाचा आहे. दुसरी बाब निधीची. प्रबंधावर आधारित एम.एस.साठी प्राध्यापकाजवळ संशोधन निधी असेल तर रिसर्च असिस्टंटशिप मिळून शिक्षणशुल्क माफ होऊ शकते. त्यामुळे अर्जापूर्वी प्राध्यापकाशी नेमका आणि अभ्यासपूर्ण पत्रव्यवहार करणे हे गुणपत्रिकेइतकेच मोलाचे ठरते. येथे परदेशस्थ नातेवाईक खरी मदत करू शकतात. शिफारस करून नव्हे, तर ते पत्र नीट लिहून घेऊन.

युरोपात वाखेनिंगेनचे एम.एस्सी. अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून वनस्पतिविज्ञानासारख्या शाखांत जीवशास्त्राच्या पदवीधरांचा विचार होतो. जर्मनीत श्टुटगार्टजवळचे होहेनहाइम विद्यापीठ उष्ण कटिबंधातील शेतीवर इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षण देते. त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क आहे. ब्रिटनमध्ये रेडिंग, नॉटिंगहॅम, हार्पर अ‍ॅडम्स येथील एम.एस्सी. बहुधा एका वर्षाची असते. वेळ वाचतो, पण पिकाचा पूर्ण हंगाम अनुभवण्याची संधी कमी मिळते. इस्रायलमध्ये हिब्रू विद्यापीठाची कृषी विद्याशाखा रेहोवोत येथे आहे. कोरडवाहू भागातून येणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील पाणी व्यवस्थापन जवळचे वाटेल.

परंतु परदेशी पदवी घेऊन भारतात परतावयाचे असेल, तर वरचा नियम पुन्हा लागू होतो. समकक्षतेचे प्रमाणपत्र घेता येते. ते परदेशी पदवीची पातळी सांगते. तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला बी.एस्सी. कृषी करण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

परदेशात वाढलेली मुले आणि गावची जमीन

काही वाचकांची मुले परदेशातच विज्ञानाची पदवी घेऊन महाराष्ट्रात शेती शिकू इच्छितात. परदेशी नागरिकांसाठीचे कृषी शिक्षणातील प्रवेश केंद्र सरकारच्या कृषी संशोधन व शिक्षण विभागामार्फत हाताळले जातात आणि ती प्रक्रिया स्थानिक प्रवेशाहून वेगळी असते. पदवी समकक्ष मानली जाईल की नाही, हे संबंधित विद्यापीठाकडून आधीच लेखी कळवून घ्यावे आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.

शिक्षणाशी थेट संबंध नसलेला, पण मनात असतोच असा एक गैरसमजही दूर करावयास हवा. एम.एस्सी. कृषी झाल्याने कोणी कायद्याच्या दृष्टीने 'शेतकरी' होत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी विद्यापीठाची पदवी नव्हे, तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो आणि त्याची सुरुवात सातबारावरील नावापासून होते. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना परकीय चलन कायद्यानुसार शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. म्हणून आजोबांच्या जमिनीवर परत जावयाचे असेल, तर प्रवेशअर्जाच्या आधी वारसनोंद पूर्ण झाली आहे की नाही, ते पाहावे.

मग भाचीला काय सांगावे?

तिला प्रथम हे विचारावे की पाच वर्षांनी सकाळी आठ वाजता ती कोठे असावी असे तिला वाटते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात, प्रयोगशाळेत, बियाणे कंपनीच्या चाचणी प्रक्षेत्रावर, की स्वतःच्या मळ्यात? उत्तर कार्यालयाचे असेल, तर आणखी चार वर्षे देण्याची तयारी ठेवून बी.एस्सी. कृषीचा अर्ज भरावा. प्रयोगशाळेचे असेल, तर मूलभूत विज्ञानातच एम.एस्सी. करून पिकाचा प्रश्न निवडावा किंवा परदेशातील एखाद्या प्राध्यापकाला पत्र लिहावे. कंपनीचे असेल, तर एक उन्हाळा तेथे उमेदवारी करून पाहावी. मळ्याचे असेल, तर पदवीची घाई नाही. खरिपाची पेरणी ते काढणी एकदा स्वतः करावी आणि मग आपल्याला काय येत नाही, याची यादी करावी. ती यादी हाच तिचा खरा अभ्यासक्रम.

शेतीकडे वळणारे विज्ञानाचे पदवीधर थोडे आहेत. सुखात्मे आणि स्वामिनाथन हे दोघेही बाहेरून या क्षेत्रात आले. एकाने आपले गणित घेऊन थेट प्रवेश केला, दुसऱ्याने पुन्हा पहिल्या बाकावर बसून शेती शिकून घेतली. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, कारण त्यांची कामे वेगळी होती. आपल्या घरातील मुलाला किंवा मुलीला यांपैकी कोणती वाट लागू पडते, हे प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी एकत्र बसून ठरविले, तर दूर देशी राहूनही आपण तिच्या उपयोगी पडलो असे म्हणता येईल.